परदेशी कॉलेजात ऑनलाइन अध्यापन पाहायला जाताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत ऑनलाइन वर्ग कसे चालतात ते पाहायला जाणाऱ्या शिक्षकांच्या प्रश्नांसाठी यंदाचे सदर राखून ठेवले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपले ज्युनिअर कॉलेज की आयटीआय? ऑनलाइन शिकवणे पाहायचे तर नामवंत विद्यापीठ सोडून तिथे कशाला जायचे?
— प्राध्यापक, कराड

उत्तर : ज्युनिअर कॉलेजही नव्हे आणि आयटीआयही नव्हे. बारावीच्या पुढचे हे दोन वर्षांचे कॉलेज. साधारण ६० क्रेडिटची असोसिएट पदवी घेऊन विद्यार्थी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जातो, नाहीतर नर्सिंग, वेल्डिंग, अकाउंटिंग असे कामाचे शिक्षण घेऊन नोकरीला लागतो. पहिले सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी सुरू झाले. आज एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजे आहेत. यूजीसीने २०१३-१४ मध्ये याच नावाची योजना आपल्याकडे आणली, पण तिचा जीव लहान आहे. नाव सारखे म्हणून दोन्हींची तुलना करू नका.

तिथेच जायचे कारण प्रवेशात आहे. टक्केवारीची अट नाही, कट-ऑफ नाही. दिवसभर दुकानात काम करून रात्री शिकणारा, लहान मूल सांभाळणारी, दहा वर्षांनी पुन्हा पुस्तक उघडणारा, असे सगळे एकाच वर्गात असतात. निवडून घेतलेला हुशार विद्यार्थी कसेही शिकवले तरी शिकतो. ज्याची शिकायची सवय मोडली आहे, त्याला पडद्यावरून कसे शिकवायचे हे या कॉलेजांना रोज सोडवावे लागते. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या कला-वाणिज्य कॉलेजातला वर्ग याच्याच जवळचा आहे.

प्रश्न : आमचा आठ जणांचा गट जाणार आहे. कॉलेज कोणते निवडावे, केव्हा जावे आणि पत्र कोणाला लिहावे?
— आयक्यूएसी समन्वयक, लातूर

उत्तर : दोन वेगळ्या धाटणीची कॉलेजे पाहा, म्हणजे एकच पद्धत हाच अंतिम मार्ग आहे असे वाटणार नाही. ॲरिझोनात टेम्पी इथले रिओ सलाडो कॉलेज १९७८ मध्ये स्थापन झाले तेच मुळी भिंतींवाचून कॉलेज चालवायचे म्हणून. तिथे एका विषयाचा एक मूळ कोर्स तयार होतो आणि त्याच्या अनेक तुकड्या बहुतांशी अर्धवेळ शिक्षक चालवतात. वर्षभर बऱ्याचशा सोमवारी नव्या तुकड्या सुरू होतात. दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्नियातली फूटहिल आणि डी अँझा ही कॉलेजे घ्या. इथे शिक्षक आपला कोर्स आपणच रचतो आणि सहकाऱ्यांकडून तपासून घेतो. २०१३ मध्ये राज्याने सर्व कॉलेजांच्या ऑनलाइन शिक्षणाचा समाईक प्रकल्प या दोन कॉलेजांच्या जिल्ह्याकडे (तिथे कॉलेजे चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला जिल्हा म्हणतात) सोपवला. त्यातून पुढे कॅनव्हास ही शिक्षण-प्रणाली राज्यभर पसरली. पहिल्या पद्धतीत सगळीकडे एकसारखेपणा राहतो, दुसरीत शिक्षकाची छाप राहते. आपल्या विद्यापीठाच्या ठरीव अभ्यासक्रमात दोन्हींचा थोडा थोडा भाग उपयोगी पडतो.

वेळ सत्राच्या तिसऱ्या ते दहाव्या आठवड्यातली धरा. पहिल्या दोन आठवड्यांत नावे घालण्या-काढण्याची झुंबड असते आणि कोणालाही तुमच्याशी बोलायला फुरसत नसते. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे थँक्सगिव्हिंग, तो आठवडा टाळा. डिसेंबरचा दुसरा आठवडा परीक्षेचा. बहुतेक कॉलेजांचे शरद सत्र ऑगस्टअखेर सुरू होते. फूटहिल-डी अँझाची सत्रे मात्र बारा आठवड्यांची असतात आणि शरद सत्र सप्टेंबरअखेर उघडते. दोन्ही एका फेरीत पाहायची तर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा बरा.

पत्र अध्यक्षांच्या नावे लिहू नका. ते फिरत फिरत जनसंपर्क कार्यालयात पोचते आणि तुमच्या वाट्याला स्वागताचे भाषण आणि इमारतींची फेरी येते. ‘डीन ऑफ ऑनलाइन लर्निंग’ किंवा ‘डिस्टन्स एज्युकेशन कोऑर्डिनेटर’ ही पदे कॉलेजच्या संकेतस्थळावर शोधा आणि किमान तीन महिने आधी एका पानाचे पत्र पाठवा. त्यात गटातल्या प्रत्येकाचा विषय, वर्गातली विद्यार्थिसंख्या, तुम्ही मूडल (कॅनव्हाससारखीच प्रणाली) वापरता की गूगल क्लासरूम, आणि नेमक्या कोणत्या तीन अडचणींसाठी येता आहात, एवढे असू द्या. ‘उत्तम कार्यपद्धती जाणून घेणे’ असे लिहिलेत तर उत्तरही तसेच गुळमुळीत येईल. ‘आमचे विद्यार्थी व्हिडिओ उघडतात पण स्वाध्याय देत नाहीत’ असे लिहिलेत तर समोरचा माणूस नेमका कोणाला भेटवायचे ते ठरवू शकतो.

भेटींत सर्वांत जास्त वेळ इन्स्ट्रक्शनल डिझायनरसाठी मागा, निदान अर्धा दिवस. विषय शिक्षकाचा असतो, पण कोर्सची रचना, क्रम, कृती आणि गुणांची विभागणी या माणसाबरोबर बसून होते. आपल्याकडे हे पदच नसल्यामुळे पाहुणे स्टुडिओत कॅमेरे पाहण्यात वेळ घालवतात आणि खरी जागा चुकते. एखाद्या अर्धवेळ शिक्षकाचीही भेट मागा. त्यांची स्थिती आपल्या सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या, प्राध्यापकांशी बरीच जुळते. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने त्यांना एका जिल्ह्यात पूर्ण कार्यभाराच्या ६७ टक्क्यांपर्यंतच काम देता येते, म्हणून अनेक जण दोन-तीन कॉलेजांत शिकवतात. तयारीला कमी वेळ असलेल्या माणसाने ऑनलाइन वर्ग कसा निभावायचा, हे त्यांच्याकडून कळते.

जाण्याआधी एक व्हिडिओ बैठक घ्या. ऑक्टोबरात आपल्याकडे रात्रीचे साडेआठ म्हणजे कॅलिफोर्नियात सकाळचे आठ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे तासभर मागे जातात, तेव्हा तुमचे साडेनऊ होतात. हा फरक विसरल्यामुळे बैठका हुकतात. पोचल्यावर पहिल्या दिवशी दुपारनंतर काही ठेवू नका. साडेबारा तासांच्या फरकाने दुपारी दोनला डोळे मिटू लागतात.

प्रश्न : व्हिसा कोणता लागेल? कॉलेज थोडे मानधन देणार आहे, ते घेता येईल का?
— प्राचार्य, चिपळूण

उत्तर : पाहणी, चर्चा, परिषद एवढ्यासाठी जात असाल तर बी-१. निमंत्रणपत्रात तारखा, भेटीचा हेतू, खर्च कोण करणार आणि तिकडे पगारी काम नाही, या चार गोष्टी स्पष्ट हव्यात. डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात आणि मुलाखतीत हेच जुळले पाहिजे. शैक्षणिक मानधन बी-१ वर घेता येते, पण एका संस्थेत नऊ दिवसांहून जास्त काम नको आणि सहा महिन्यांत पाचपेक्षा जास्त संस्थांकडून नको. आखीव विनिमय कार्यक्रमातून जात असाल तर जे-१ व्हिसा आणि यजमान संस्थेकडून डीएस-२०१९ फॉर्म लागतो. बी-१ वर क्रेडिटच्या कोर्सला नाव घालता येत नाही. वर्गात बसून पाहणे वेगळे आणि प्रवेश घेणे वेगळे.

प्रश्न : आम्हाला तिथल्या चालू ऑनलाइन वर्गात लॉगिन मिळेल का? विद्यार्थ्यांची चर्चा, गुण, चुका हे सगळे प्रत्यक्ष पाहायचे आहे.
— प्राध्यापिका, धुळे

उत्तर : नाही मिळणार, आणि त्यासाठी आग्रहही धरू नका. विद्यार्थ्यांच्या नोंदींची गुप्तता राखणारा १९७४ चा फेर्पा हा संघराज्याचा कायदा आहे. नाव, गुण, स्वाध्याय, चर्चेतले लिखाण यांतले काही विद्यार्थ्याच्या संमतीवाचून बाहेरच्याला दाखवता येत नाही. शिक्षक चालू वर्ग उघडून पडद्यावर दाखवू लागलाच तर थांबवणारे पाहुणे व्हा.

मागायचे ते असे. एक, त्याच कोर्सची विद्यार्थी नसलेली प्रत, जिला तिथे सँडबॉक्स म्हणतात. त्यात तुमच्या गटातल्या एकाला शिक्षक आणि बाकीच्यांना विद्यार्थी म्हणून घालायला सांगा, आणि एक आठवडा खरोखर विद्यार्थी होऊन स्वाध्याय द्या. जाण्याआधीच हे झाले तर दुधात साखर, कारण मग तिथे पोचल्यावर ‘हे काय आहे’ विचारण्यात वेळ जात नाही, ‘हे असे का केले’ इथून बोलणे सुरू होते. दोन, नावे खोडलेले दोन-तीन स्वाध्याय आणि त्यांवर शिक्षकाने दिलेले अभिप्राय. तीन, स्वखुशीने बोलायला आलेल्या विद्यार्थ्यांबरोबर तासभर. फोटो घेताना मागच्या पडद्यावर कोणाचे नाव दिसत नाही ना, ते पाहा.

प्रश्न : एका आठवड्याचा ऑनलाइन वर्ग नेमका कसा रचलेला असतो? आम्ही पीपीटी आणि लेक्चरची लिंक टाकतो. त्याहून वेगळे काय?
— संख्याशास्त्राच्या प्राध्यापिका, सांगली

उत्तर : तुमचाच विषय घेऊन सांगतो. कॅलिफोर्नियात एक युनिट म्हणजे विद्यार्थ्याचे किमान ४८ तासांचे काम. तीन युनिटचा प्राथमिक संख्याशास्त्राचा कोर्स म्हणजे १४४ तास, १६ आठवड्यांत आठवड्याला नऊ तास. रचना सुरू होते ती या नऊ तासांपासून. वाचनाला दोन, व्हिडिओला अर्धा, सरावाला दोन, चर्चेला एक, स्वाध्यायाला अडीच, चाचणीला एक, अशी बेरीज कागदावर बसवतात. आपल्याकडे ही बेरीज कोणी करत नाही. त्यामुळे कधी आठवड्याला दीड तासाचे काम पडते, कधी वीस तासांचे.

समजा पाचवा आठवडा, विषय नमुना निवड. सोमवारी सकाळी मॉड्यूल, म्हणजे त्या आठवड्याचा पाठ, उघडते. पहिल्या पानावर आठवड्याअखेर काय करता येईल ते तीन-चार वाक्यांत असते, तेही मोजता येईल अशा क्रियापदांत. ‘नमुना निवड समजेल’ असे लिहीत नाहीत. ‘दिलेल्या यादीतून यादृच्छिक नमुना काढता येईल, त्यातली पूर्वग्रहाची जागा दाखवता येईल’ असे लिहितात. त्याखाली कामे ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने मांडलेली असतात, अंदाजे वेळेसकट.

मग वाचन, आणि पाच-सात मिनिटांचे तीन-चार व्हिडिओ. तासाभराचे लेक्चर अख्खे टाकत नाहीत. २०१४ मध्ये एडएक्स या संकेतस्थळावरच्या ऑनलाइन कोर्सांवर झालेल्या अभ्यासात दिसले की व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहणाऱ्यांचा मध्यक वेळ सहा मिनिटांच्या वर जात नाही. प्रत्येक व्हिडिओत एकच संकल्पना, आणि संपताच दोन-तीन प्रश्नांची सराव चाचणी. ती कितीही वेळा देता येते, गुण नाममात्र. चुकीच्या प्रत्येक पर्यायाला स्वतंत्र खुलासा लिहिलेला असतो. शिक्षकाचे खरे कष्ट या खुलाशांत जातात, कारण विद्यार्थी कुठे कुठे घसरतो हे वर्गात वर्षानुवर्षे शिकवल्याशिवाय कळत नाही. इथे तुम्ही कोणापेक्षाही कमी नाही. तो अनुभव लिहून काढायचा आहे, एवढेच.

चर्चेला दोन मुदती असतात. आपले पहिले म्हणणे गुरुवार रात्रीपर्यंत, इतर दोघांना उत्तर रविवार रात्रीपर्यंत. एकच मुदत रविवारची ठेवली तर सगळे रविवारी रात्री अकराला लिहितात आणि कोणीच कोणाचे वाचत नाही. प्रश्नही जपून निवडावा लागतो. ‘स्तरित नमुना निवड म्हणजे काय?’ याला एकच उत्तर आहे, पहिल्या दोघांनी ते लिहिले की तिसऱ्याला बोलायला काही उरत नाही. ‘तुमच्या परिसरात एसटीची वाट किती वेळ पाहावी लागते हे शोधायचे तर नमुना कसा घ्याल, आणि कोण सुटून जाईल?’ असे विचारले की प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते आणि दुसऱ्याच्या योजनेत खोट काढता येते. चाळीसच्या वर्गाचे आठ-दहा जणांचे गट करतात. चाळीस जणांच्या एकाच चर्चेत माणूस हरवतो.

सगळ्यात जास्त गोंधळ तारखांचा होतो. एक तारीख अभ्यासपत्रात (सिलॅबसमध्ये), दुसरी पानावर, तिसरी कॅलेंडरात; सत्र बदलले की एक बदलायची राहते आणि विद्यार्थी नेमकी तीच पाहतो. तिथले अनुभवी शिक्षक तारीख फक्त स्वाध्यायाच्या मुदतीच्या रकान्यात घालतात. कॅनव्हास ती आपोआप कॅलेंडरात आणि अभ्यासपत्राच्या पानावर दाखवते. मूडलमध्येही मुदत स्वाध्यायाच्या सेटिंगमध्येच घालावी, मजकुरात लिहू नये.

प्रश्न : एकदा कोर्स तयार झाला की तो आपोआप चालतो, शिक्षकाचे काम संपते, असे आमच्या संस्थाचालकांना वाटते. शिवाय माझ्या वर्गात १२० विद्यार्थी आहेत.
— सहायक प्राध्यापक, नांदेड

उत्तर : संस्थाचालकांना हा परिच्छेद दाखवा. अमेरिकेत संघराज्याचे विद्यार्थी-साहाय्य मिळायला ऑनलाइन कोर्समध्ये शिक्षक आणि विद्यार्थ्यांत नियमित आणि सकस संपर्क असावाच लागतो. जुलै २०२१ पासूनच्या नियमांत याची व्याख्या आहे. प्रत्यक्ष शिकवणे, स्वाध्याय तपासून अभिप्राय देणे, आशयाबद्दलच्या शंकांना उत्तर देणे, गटचर्चा चालवणे, किंवा मान्यता देणाऱ्या संस्थेला पटेल असे दुसरे काम, यांतली निदान दोन. तेही ठरलेल्या वेळापत्रकाने, आणि कोण मागे पडतो यावर लक्ष ठेवून आपणहून हाक मारत. हे नसेल तर तो पत्राद्वारे शिक्षणाचा कोर्स ठरतो, आणि कॉलेजचे निम्म्याहून जास्त कोर्स किंवा विद्यार्थी त्या वर्गात गेले तर साहाय्याची पात्रताच जाते. २०१७ मध्ये वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी या ऑनलाइन विद्यापीठाच्या लेखापरीक्षणात याच कारणाने ७१ कोटी डॉलरहून अधिक रक्कम परत मागण्याची शिफारस झाली होती. २०१९ मध्ये शिक्षण खात्याने ती मागणी लागू केली नाही, पण तोवर देशभरच्या कॉलेजांनी आपले कोर्स तपासून घेतले होते. शिक्षकाचे काम तिथे संपत नाही, कायद्यानेही संपत नाही.

आता १२० जणांचे पाहू. दहा-दहांचे बारा गट करा. दर आठवड्याला चार गटांच्या चर्चेत तुम्ही उतरा, म्हणजे तीन आठवड्यांत प्रत्येक गटाला तुम्ही भेटता. कोणते गट केव्हा, ते वेळापत्रक आधीच जाहीर करा. स्वाध्यायाचेही तसेच. एका वहीला तीन मिनिटे धरली तर १२० जणांना सहा तास लागतात, ते दर आठवड्याला शक्य नाही. ४० जणांना सविस्तर अभिप्राय म्हणजे दोन तास. बाकी ८० जणांना त्या आठवड्यात आपोआप तपासली जाणारी चाचणी आणि वर्गासाठी एक सामाईक अभिप्राय. सोमवारची सूचना दीडशे शब्दांची असू द्या आणि तिच्यात गेल्या आठवड्याच्या वह्यांतली एक ठळक चूक सोडवून दाखवा. ‘सर्वांनी अभ्यास करावा’ असल्या सूचना लोक न वाचताच पुढे सरकवतात.

कॅनव्हासच्या गुणपत्रकात ‘मेसेज स्टुडंट्स हू’ अशी सोय आहे. ज्यांनी स्वाध्याय दिला नाही किंवा ज्यांना अमुक गुणांहून कमी पडले, एवढ्यांनाच निरोप जातो, तोही प्रत्येकाला वेगळा. मूडलमध्ये स्वाध्यायाच्या यादीला ‘न दिलेले’ ही चाळणी लावून हेच करता येते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर नावे टाकण्यापेक्षा हे कितीतरी माणुसकीचे आहे.

प्रश्न : ऑनलाइन वर्गात हजेरी कशी घेतात? आणि गळती खरोखर जास्त असते का?
— उपप्राचार्या, अकोला

उत्तर : लॉगिन म्हणजे हजेरी नव्हे, हे तिथल्या नियमांत स्वच्छ लिहिले आहे. स्वाध्याय देणे, चाचणी देणे, चर्चेत आशयाबद्दल लिहिणे, यांपैकी काही घडले तरच विद्यार्थी वर्गात होता असे मानतात. कॅलिफोर्नियात सत्राचा साधारण २० टक्के काळ गेल्यावर, म्हणजे १६ आठवड्यांच्या सत्रात तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमाराला, विद्यार्थ्यांच्या गणनेचा दिवस येतो. त्याआधी शिक्षकाला निष्क्रिय नावे काढावी लागतात, कारण राज्याचे अनुदान गणनेवर बेतलेले असते. म्हणून पहिल्याच आठवड्यात एक छोटे सक्तीचे काम असते: ओळख, अभ्यासपत्रावर पाच प्रश्न. ते न देणाऱ्याला शिक्षक निरोप धाडतो, उत्तर न आल्यास नाव काढतो. अलीकडे या कामाला दुसरेही महत्त्व आले आहे. आर्थिक मदत लाटण्यासाठी चोरलेल्या ओळखीने ऑनलाइन वर्गांत नावे घालणाऱ्या टोळ्यांनी कॅलिफोर्नियाची कॉलेजे हैराण झाली आहेत. खोट्या नावांनी जागा भरतात आणि खरा विद्यार्थी प्रतीक्षायादीत राहतो. यावर काय करता, हे यजमानांना जरूर विचारा.

गळतीबद्दल तिथे लपवाछपवी नाही. कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक धोरण संस्थेने २०१४ मध्ये दाखवून दिले की कम्युनिटी कॉलेजांत ऑनलाइन कोर्स यशस्वीपणे पूर्ण करण्याचे प्रमाण प्रत्यक्ष वर्गापेक्षा ११ ते १४ टक्के-बिंदूंनी कमी होते. कोलंबिया विद्यापीठाच्या कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्राने वॉशिंग्टन राज्यातल्या ४० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या जवळपास पाच लाख कोर्सनोंदी तपासल्या. त्यात मुलगे, वयाने लहान, कृष्णवर्णीय आणि आधीच कमी गुण असलेले विद्यार्थी ऑनलाइनमध्ये जास्त मागे पडताना दिसले. म्हणजे आधीच मागे असलेल्यावर भार जास्त. मात्र कॅलिफोर्नियाच्या त्याच अहवालात असेही आहे की काही कोर्स तरी ऑनलाइन केलेले विद्यार्थी पदवी मिळवण्याची किंवा विद्यापीठात पुढे जाण्याची शक्यता जास्त होती. नोकरीमुळे अडलेला एखादा विषय ऑनलाइन मार्गी लागतो. आमचे मत या आकड्यांवरून असे: पहिल्या सत्राच्या नवख्या विद्यार्थ्यावर सगळे विषय ऑनलाइन लादू नका; शेवटच्या वर्षाला अडकलेल्यासाठी ते दार उघडे ठेवा.

प्रश्न : ऑनलाइन परीक्षेतली कॉपी कशी थांबवतात?
— परीक्षा विभागप्रमुख, जळगाव

उत्तर : पूर्ण थांबवत नाहीत, कॉपीचा फायदा कमी करतात. कॅमेऱ्यातून पाळत ठेवणारी सॉफ्टवेअर आहेत, पण त्यांवरचा भरवसा उतरतो आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये ओहायोतल्या संघराज्य न्यायालयाने क्लीव्हलंड स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्रकरणात परीक्षेआधी विद्यार्थ्याची खोली कॅमेऱ्याने पाहणे ही घटनाबाह्य झडती ठरवली.

उपयोगी पडते ते हे. एका मोठ्या परीक्षेचे गुण दहा-बारा लहान चाचण्यांत वाटा. दहा प्रश्नांची चाचणी असेल तर प्रश्नपेढीत निदान चाळीस प्रश्न हवेत आणि प्रत्येक घटकातून ठरावीक संख्येने उचलले जावेत, नाहीतर कोणाला सोपा संच येतो आणि कोणाला अवघड. गणिताच्या प्रश्नांत प्रत्येकाला वेगळे आकडे देता येतात. निबंधात मसुदा, सुधारणा, अंतिम प्रत असे टप्पे ठेवा. शंका आलीच तर पाच मिनिटांची तोंडी. एआयकडून लिहून घेतलेला मजकूर ओळखणाऱ्या साधनांच्या आधारावर कोणाला शून्य देऊ नका. ती साधने चुकतात, आणि परक्या भाषेत लिहिणाऱ्यावर हकनाक आळ येतो.

प्रश्न : परत येताना तिथले तयार कोर्स आणता येतील का? आमच्याकडे मूडल आहे, आणि बहुतेक मुले मोबाइलवर, मोजक्या डेटावर शिकतात.
— प्राध्यापक, गडचिरोली

उत्तर : परवाना असेल तर आणता येतील. ‘सीसी बाय’ (क्रिएटिव्ह कॉमन्सचा खुला परवाना) लिहिलेला मजकूर श्रेय देऊन वापरता, बदलता, मराठीत आणता येतो. नुसते ‘वापरा हो’ असे तोंडी सांगितलेले पुरत नाही, कारण मजकुरात प्रकाशकांच्या आकृत्या असू शकतात. फाइल ‘कॉमन कार्ट्रिज’ स्वरूपात, म्हणजे एका प्रणालीतला कोर्स दुसरीत नेता येईल अशा स्वरूपात, मागा. तिच्या नावाचे टोक ‘आयएमएससीसी’ असते आणि मूडलच्या रिस्टोअरमध्ये ती घेता येते. पाने आणि दुवे बऱ्यापैकी येतात, चाचण्या अनेकदा अर्धवट येतात, बाहेरची साधने येतच नाहीत. तिथेच, यजमान समोर असताना आपल्या मूडलवर उतरवून पाहा. घरी आल्यावर कळले तर पुन्हा पत्रापत्री.

आशयापेक्षा तपासणीचा तक्ता आणणे आम्हाला जास्त मोलाचे वाटते. कॅलिफोर्निया व्हर्च्युअल कॅम्पसचा (वर सांगितलेल्या समाईक प्रकल्पाचा) तक्ता मांडणी, परस्परसंपर्क, मूल्यमापन आणि सुगम्यता (अपंग विद्यार्थ्यांनाही वापरता येणे) या चार भागांत आहे, आणि तो खुला आहे. त्यातला सुगम्यतेचा भाग आपल्याकडे साफ दुर्लक्षित आहे. शीर्षके नुसती ठळक न करता शीर्षकाच्या शैलीत द्यावीत, चित्राला पर्यायी मजकूर हवा, अक्षर आणि पार्श्वभूमीतला उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) निदान साडेचारास एक हवा, व्हिडिओला तपासलेली शब्दपट्टी (सबटायटल) हवी. यंत्राने केलेली शब्दपट्टी नेमकी पारिभाषिक शब्दांवर फसते. पुस्तकाची पाने फोटो काढून पीडीएफ केली, तर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला ती कोरी दिसतात. अंध विद्यार्थी नसला तरी शब्दपट्टीचा फायदा एसटीच्या आवाजात व्हिडिओ पाहणाऱ्यालाही होतो.

डेटाचा हिशेब करूनच व्हिडिओ चढवा. ५०० केबीपीएसवर सहा मिनिटांचा व्हिडिओ साधारण २२ एमबी होतो. तेच नुसते ध्वनिमुद्रण ६४ केबीपीएसवर तीन एमबीच्या आत बसते. जिथे आकृती पाहायची गरज नाही तिथे आवाज आणि एक पान पुरे.

आपल्या घरातलेही विसरू नका. आयआयटी मुंबईने शिक्षकांसाठी विकसित केलेल्या विद्यार्थीकेंद्री ‘मूक’ (एमओओसी, सर्वांना खुल्या ऑनलाइन कोर्सच्या) पद्धतीत व्हिडिओ मध्येच थांबवून विचार करायला लावतात, आणि ती आपल्या वर्गांत मुरलेली आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाला १९८९ पासूनचा दूरशिक्षणाचा अनुभव आहे. स्वयम या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरचे कोर्स एका सत्रात ४० टक्क्यांपर्यंत घेण्याची मुभा यूजीसीच्या २०२१ च्या नियमांत आहे, म्हणजे क्रेडिटची वाट बंद नाही.

प्रश्न : परदेशवारीला पैसे नाहीत. इथे बसून यातले काय करता येईल?
— शिक्षिका, सावंतवाडी

उत्तर : बरेच काही. कॅनव्हासचे शिक्षकांसाठी मोफत खाते मिळते, वर सांगितलेला तक्ता उतरवून घेता येतो, आणि एखाद्या डिस्टन्स एज्युकेशन कोऑर्डिनेटरला नेमका प्रश्न लिहिला तर तासाभराची व्हिडिओ बैठक मिळणे अवघड नसते. शाखेतल्या तिघी-चौघींनी मिळून एकेकीचा एकच आठवडा तक्त्यावर तपासा. तपासणाऱ्यांपैकी एक जण विषयाबाहेरची असू द्या, कारण सूचना कुठे अपुरी आहे ते तिलाच कळते. मूडलमध्ये ‘स्विच रोल टू’ मधून विद्यार्थी व्हा. मग कॉलेजचे वायफाय बंद करून, स्वतःच्या मोबाइलच्या डेटावर, पहिल्या पानापासून स्वाध्याय जमा करेपर्यंत सगळे करून पाहा. जिथे दुसऱ्यांदा बोट अडखळेल ती जागा लिहून ठेवा आणि दुरुस्ती तिथून सुरू करा.